नवे रेणू पुरेत, हाती असलेल्यांचा निकाल लावा : धमनीरोगाच्या संशोधनाला निधी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
धमनीरोगावरील संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांच्या निवड समित्या,
आणि या विषयातील संशोधनपत्रिकांचे संपादक

सन्माननीय सदस्यहो,

धमनीच्या भिंतीत मेद साचतो, सूज धुमसत राहते आणि एक दिवस तो थर फुटून रक्ताची गुठळी होते. या सगळ्या घडामोडीत ज्या आरएनएपासून (डीएनएवरून उतरणाऱ्या प्रतींपासून) प्रथिन बनत नाही, त्या नॉनकोडिंग आरएनएंचा हात किती, हा माझ्या कामाचा विषय आहे. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या विषयावर ढीगभर निबंध आले. जवळजवळ प्रत्येक निबंधाच्या शेवटी तोच आशावाद असतो: हा रेणू पुढे निदानाला उपयोगी पडेल, उपचाराचे लक्ष्य ठरेल. मात्र धमनीच्या भिंतीतल्या एखाद्या नॉनकोडिंग आरएनएला लक्ष्य करून धमनीकाठिण्य रोखणारे औषध आजही रुग्णाच्या हाती नाही, आणि अशा आरएनएची रक्ततपासणी पाहून हृदयरोगतज्ज्ञ उपचार ठरवत नाहीत.

यात विज्ञानाचे अपयश मला दिसत नाही. आपण पैसा आणि छपाईची जागा कशाला देतो, याचा तो परिणाम आहे. म्हणून माझी मागणी सुरुवातीलाच मांडते. आणखी एका उंदरात आणखी एक नवा रेणू दाखवणाऱ्या प्रकल्पांचा वाटा कमी करा. जे रेणू सापडून दहा-दहा वर्षे झाली, ते माणसाच्या धमनीत खरेच काय करतात, रक्तात भरवशाने मोजता येतात का आणि त्यांना हात लावल्याने रुग्णाचे भले होते का, हे तपासणाऱ्यांना तो वाटा द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी १ कोटी ७९ लाख माणसे गेली. त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचे होते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, तंबाखू आणि मधुमेह ही कारणे आपल्याला माहीत आहेत, त्यांवर उपायही आहेत, आणि ते उपाय प्रत्येकापर्यंत पोहोचवणे हे पहिले काम आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पण कोलेस्टेरॉल उत्तम आटोक्यात असूनही ज्याला दुसरा झटका येतो, त्याच्या धमनीत काय घडत असते? या प्रश्नाचा मोठा भाग जनुकसंचाच्या अशा प्रदेशात आहे, जिथे प्रथिनांची पाककृती लिहिलेलीच नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा २००७ साली आला. एकमेकांपासून स्वतंत्र काम करणाऱ्या अनेक गटांना हजारो रुग्णांच्या जनुकीय तपासणीत एकच जागा सापडली: नवव्या गुणसूत्राच्या लहान भुजेवरचा ९पी२१ हा पट्टा. तिथल्या डीएनएच्या जेमतेम ५८ हजार अक्षरांच्या तुकड्यातले काही बदल हृदयधमनीच्या आजाराशी घट्ट जोडलेले निघाले. युरोपीय वंशाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या लोकांत जोखमीच्या दोन्ही प्रती असतात आणि त्यांना झटक्याचा धोका, काही अभ्यासांनुसार, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांच्या आसपास जास्त असतो. विशेष म्हणजे हा धोका कोलेस्टेरॉल, रक्तदाब किंवा मधुमेह यांच्या वाटेने येत नाही. पुढे पोटातल्या महाधमनीच्या आणि मेंदूतल्या धमन्यांच्या फुगवट्यांशीही याच पट्ट्याचा संबंध दिसला. म्हणजे बिघाडाचे मूळ शोधताना हे रक्तातल्या मेदाकडे कमी आणि खुद्द धमनीच्या भिंतीकडे जास्त बोट दाखवते.

आणि त्या तुकड्यात प्रथिन बनवणारे एकही जनुक नाही. शेजारी सीडीकेएन२ए आणि सीडीकेएन२बी ही पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारी जनुके आहेत. जोखमीच्या पट्ट्यावरून मात्र एक लांबलचक आरएनए जातो, त्याचे नाव अ‍ॅनरिल. या आरएनएचा मागोवा हा मला आमच्या क्षेत्रातला सर्वांत शिकवणारा प्रवास वाटतो, म्हणून त्यावर थोडी थांबते.

आधी वाटले की अ‍ॅनरिल शेजारच्या लगाम-जनुकांना गप्प करतो. गुणसूत्राचा भाग मिटवून ठेवणाऱ्या पॉलिकोम्ब प्रथिनांशी तो जोडला जातो, हे दिसलेही. २०१० मध्ये उंदराच्या गुणसूत्रावरचा त्याच्याशी मिळताजुळता भाग काढून टाकण्यात आला. हृदयातली त्या दोन जनुकांची पातळी खूप घसरली, पण माणसातल्या आजाराचे चित्र काही उंदरात उभे राहिले नाही. मुळात उंदराकडे माणसासारखा अ‍ॅनरिल नाहीच. २०१६ मध्ये आणखी एक वळण आले. अ‍ॅनरिलची टोके जुळून होणारे वर्तुळाकार रूप धमनीच्या पेशींत रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रे, तयार होण्याच्या कामात अडथळा आणते आणि त्यातून पेशींची बेसुमार वाढ रोखून संरक्षण देते, असे एका गटाने दाखवले. म्हणजे एकाच जागेवरून निघणाऱ्या आरएनएची सरळ रूपे एका बाजूला आणि वर्तुळाकार रूप दुसऱ्या बाजूला. २०१८ मध्ये निर्णायक म्हणावा असा प्रयोग झाला. माणसांच्या पेशींपासून मूलपेशी आणि त्यांच्यापासून धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी तयार केल्या. जोखमीची आवृत्ती असलेल्या पेशी नीट चिकटत नव्हत्या, नीट आकुंचन पावत नव्हत्या. जनुकसंपादनाने तो अख्खा तुकडा कापून काढला, तर त्या सुधारल्या. उलट निर्धोक पेशींत अ‍ॅनरिलची आखूड रूपे घातली, तेव्हा त्या जोखमीच्या पेशींसारख्या वागू लागल्या.

पट्टा सापडल्यापासून या प्रयोगापर्यंत अकरा वर्षे गेली. तीही जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या एका जागेसाठी. दरम्यान २०२२ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून हृदयधमनीच्या आजाराशी निगडित २४१ संबंध नोंदले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य बदल प्रथिनांच्या संकेताबाहेरच आहेत. त्या प्रत्येक जागी कारण आरएनएच असेल असे नाही. अनेक ठिकाणी दूरच्या जनुकाला चालू-बंद करणारी डीएनएची कळ बिघडलेली असेल. नेमका हा फरक लावणे हेच काम आहे. ते संथ, खर्चिक आणि मथळे न देणारे आहे, आणि निवड समितीसमोर असा अर्ज नेहमी मागे पडतो, कारण समोरच्या अर्जात ‘प्रथमच’ हा शब्द असतो.

आता दुसरे टोक. अ‍ॅनरिल हजारो अक्षरांपर्यंत लांब, तर माइक्रोआरएनए अवघे २२ अक्षरांच्या आसपास. १९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकून यांच्या प्रयोगशाळांनी एका सूक्ष्म गोलकृमीत ही व्यवस्था उलगडली आणि २०२४ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. प्रथिनाचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या शेपटीकडच्या भागाला माइक्रोआरएनए चिकटतो आणि त्या प्रथिनाचे उत्पादन कमी होते. एकच माइक्रोआरएनए शेकडो संदेशांवर थोडा थोडा दाब ठेवू शकतो. ताकद यात आहे आणि धोकाही.

माइक्रोआरएनए-३३ चे उदाहरण घ्या. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडले की एसआरईबीएफ२ हे जनुक जागे होते आणि कोलेस्टेरॉल बनवण्याची व बाहेरून ओढून घेण्याची यंत्रणा सुरू करते. त्याच जनुकाच्या पोटात माइक्रोआरएनए-३३ दडलेला आहे. जनुक जागे झाले की तोही बाहेर पडतो आणि एबीसीए१ नावाचे, कोलेस्टेरॉल पेशीबाहेर टाकणारे प्रथिन दाबतो. हौदात पाणी भरताना तळाचे बूच लावावे, तशी ही रचना. २०१० मध्ये अनेक गटांनी ती एकाच सुमारास दाखवली, आणि तो क्षण खरोखर सुंदर होता. धमनीतले मॅक्रोफेज (गिळणाऱ्या संरक्षक पेशी) कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, हे आपल्याला ठाऊक होते. आता ते बाहेर काढायची किल्ली सापडली असे वाटले.

२०११ मध्ये माकडांत या माइक्रोआरएनएला अडवल्यावर एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल, वाढले. त्याच वर्षी उंदरांच्या धमन्यांतला मेदाचा थर मागे हटल्याचे एका गटाने दाखवले. मग २०१३ मध्ये दुसऱ्या गटाला उंदरांत एचडीएलची वाढ टिकलेली दिसली नाही आणि थरही रोखला गेला नाही. २०१४ मध्ये, मेदयुक्त आहारावरच्या उंदरांत दीर्घकाळ हा माइक्रोआरएनए अडवला तर यकृतात मेद साचतो आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढतात, असे आढळले. आहार वेगळा, अडवणाऱ्या रेणूचे रसायन वेगळे, उंदरांचा प्रकार आणि कालावधीही वेगळा. यांतला कोणता फरक निकाल उलटवतो, हे एकाच आराखड्यात, दोन-तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी तपासणे शक्य होते. तसा प्रकल्प साध्या पुनरावृत्तीसारखा दिसतो आणि आजच्या व्यवस्थेत त्याला वाली नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. माणसात माइक्रोआरएनए-३३ ची दोन रूपे आहेत. दुसरे एसआरईबीएफ१ या जनुकात बसते आणि उंदरात ते नाहीच. २०१९ मध्ये क्रोम नावाचा एक लांब आरएनए पुढे आला. तो माइक्रोआरएनए-३३ सकट काही माइक्रोआरएनएंना आवर घालतो, आणि तो फक्त माणूस-माकडांच्या कुळातच सापडतो. म्हणजे कोलेस्टेरॉल बाहेर टाकण्यावरच्या या नियंत्रणाचा अर्धा भाग ज्या प्राण्यात नाही, त्याच प्राण्यावर आपण उपचाराचा अंदाज बांधत आहोत. शिवाय नुसते एचडीएल वाढले म्हणजे रुग्ण वाचला असे होत नाही, हे २००६ मध्ये टॉरसेट्रापिब या एचडीएल वाढवणाऱ्या औषधाच्या चाचणीने दाखवून दिले होते. एचडीएल चांगलेच वाढले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि चाचणी थांबवावी लागली. त्यानंतरही ‘एचडीएल वाढले’ हा निकाल उपचाराच्या यशासारखा छापला जातो, याचे मला वाईट वाटते.

उंदीर नकोत असे मी म्हणत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले, मेदवहनाची जनुके बंद केलेले उंदीर नसते तर आपण इथवर आलोच नसतो. पण त्या उंदरांचा मेदाचा थर माणसासारखा फुटून गुठळी होणे दुर्मीळ आहे, आणि माणूस दगावतो तो बहुतेकदा त्या फुटण्याने. त्यामुळे थर लहान झाला एवढ्यावर समाधान मानणारा प्रयोग मूळ प्रश्नाच्या अलीकडेच थांबतो. लांब नॉनकोडिंग आरएनएंच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. त्यांतल्या अनेकांना उंदरात जोडीदारच नाही.

मग माणसाची धमनी मिळणार कुठून? ती मिळते. मानेतल्या धमनीतला थर शस्त्रक्रियेने काढला जातो, बायपासच्या वेळी रक्तवाहिन्यांचे तुकडे हाती येतात. रुग्ण संमती देतात आणि आम्हाला ती ऊती मिळते. काही गटांनी त्यातून उत्तम काम केले आहे. २०१६ मध्ये स्मिलर हा स्नायूपेशींची वाढ चालवणारा आरएनए माणसाच्या पेशींतूनच सापडला आणि अस्थिर थरांत तो जास्त असल्याचेही दिसले. पण अशा ऊतीच्या पेढ्या चालवायला वर्षानुवर्षे माणसे, शीतपेट्या आणि नोंदी लागतात. रुग्णाला पक्षाघाताची लक्षणे होती की नव्हती, ती स्त्री होती की पुरुष, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) किती दिवस चालू होते, काढलेला थर किती मिनिटांत गोठवला, यांतले काहीही निसटले तर ऊती निम्मी निरुपयोगी. तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीवर हे चालत नाही. त्याला स्वतंत्र, दीर्घ मुदतीचा पैसा हवा.

इथेच एक तांत्रिक मुद्दा मांडते, कारण समित्यांवरच्या अनेकांच्या तो नजरेतून सुटतो. आजकाल बहुतेक अर्जांत एकेका पेशीच्या आरएनए वाचनाचा प्रस्ताव असतो. नेहमीच्या पद्धतीत आरएनएच्या शेवटी असलेली ‘ए’ अक्षरांची शेपटी पकडून वाचन होते. माइक्रोआरएनएला ती शेपटी नसते आणि वर्तुळाकार आरएनएला शेवटच नसतो. म्हणजे ज्या रेणूंबद्दल अर्ज आहे, तेच त्या महागड्या तंत्रात बहुधा दिसणार नाहीत. कोणत्या तंत्राने कोणता आरएनए दिसेल, असा साधा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात असावा.

आता रक्ततपासणीबद्दल. माझी सर्वांत मोठी कळकळ इथे आहे, कारण इथली चूक थेट रुग्णापर्यंत पोहोचू शकते.

माइक्रोआरएनए रक्तद्रवात टिकून राहतात, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले आणि सगळ्यांना रक्ततपासणीचे स्वप्न पडले. २०१० मध्ये हृदयधमनीच्या रुग्णांच्या रक्तात माइक्रोआरएनए-१२६, -९२ए, -१५५, -१४५ यांची पातळी कमी असल्याचे प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये इटलीतल्या ब्रुनेक इथल्या दीर्घकालीन अभ्यासात मात्र १२६ ची पातळी जास्त तर पुढे झटक्याचा धोका जास्त, असा संबंध दिसला. २२३ आणि १९७ यांचा संबंध उलटा निघाला. एका ठिकाणी १२६ कमी म्हणजे आजार, दुसऱ्या ठिकाणी जास्त म्हणजे धोका. दोन्ही कामे चांगल्या गटांची होती. मग हे कसे?

उत्तराचा मोठा भाग प्लेटलेटमध्ये आहे. धमनीच्या अंतःस्तराचा म्हणून ओळखला जाणारा माइक्रोआरएनए-१२६ प्लेटलेटमध्येही असतो आणि रक्तद्रवात त्यातला बराचसा तिथूनच येतो. रुग्ण अ‍ॅस्पिरिन किंवा प्लेटलेटला आवरणारे दुसरे औषध घेत असेल तर त्याची पातळी घसरते, हे २०१३ मध्ये एकाहून अधिक गटांनी दाखवले. आता हृदयरुग्ण जवळजवळ सगळे ही औषधे घेतात आणि तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक सहसा घेत नाहीत. फरक आजाराचा की गोळीचा?

पुढे हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध. अँजिओग्राफीच्या वेळी रुग्णाला हेपॅरिन देतात आणि बरेचसे नमुने त्याच वेळी घेतले जातात. माइक्रोआरएनए मोजण्यासाठी आपण ज्या साखळी-अभिक्रियेवर (पीसीआर) अवलंबून असतो, तिच्यातल्या विकरांना हेपॅरिन रोखते. परिणामी रुग्णांच्या नमुन्यात सगळेच माइक्रोआरएनए कमी भासतात. नमुन्यावर हेपॅरिनेझ हे हेपॅरिन तोडणारे विकर वापरून हा दोष बऱ्याच अंशी दूर करता येतो, तरीही कित्येक निबंधांत हेपॅरिनचा उल्लेखच नसतो. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातला माइक्रोआरएनए-४५१ आणि -१६ रक्तद्रवात सांडतो. डोळ्यांना लाली दिसण्याआधीच आकडे बदललेले असतात. नमुना फिरवून रक्तद्रव वेगळा करायला उशीर झाला, एकदाच फिरवला की दोनदा, रक्तद्रव घेतला की सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव), प्रत्येक गोष्टीने निकाल हलतो. आणि शेवटी, कशाच्या तुलनेत मोजायचे? पेशींतल्या आरएनएसाठी असतात तसे सर्वमान्य स्थिर मापदंड रक्तातल्या माइक्रोआरएनएसाठी नाहीत.

संपादकांनो, यावर उपाय तुमच्या हाती आहे आणि तो आजच करता येतो. हृदय-रक्तवाहिन्यांच्या रुग्णांतील रक्तस्थ आरएनएवरचा कोणताही निबंध स्वीकारताना चार गोष्टी सक्तीच्या करा: हेपॅरिन दिले होते का आणि नमुना कधी घेतला, प्लेटलेटवरची औषधे कोणती, तांबड्या पेशी फुटल्याची तपासणी, आणि आकडे कशाच्या आधाराने सारखे केले. ही माहिती नसेल तर समीक्षेला पाठवण्याआधीच परत करा. कठोर वाटेल, पण ज्या निबंधातून ती वगळली आहे तो वाचणाऱ्याला काही सांगत नाही, आणि त्याच्या आधारावर उद्या कुणी रुग्णाला तपासणी विकू शकतो.

धमनीच्या आतल्या संवादाबद्दलही असाच एक प्रश्न लोंबकळत आहे. रक्त सरळ आणि शांत वाहते तिथे धमनी निरोगी राहते. फाटा फुटतो तिथे प्रवाह अडखळतो आणि मेद साचतो. असा अडखळता प्रवाह अंतःस्तरात माइक्रोआरएनए-९२ए वाढवतो आणि तो केएलएफ२ सारखी संरक्षक प्रथिने दाबतो. २०१४ मध्ये तो अडवल्यावर उंदरांत आजार कमी झाला. २०१२ च्या एका गाजलेल्या कामानुसार, शांत प्रवाहात केएलएफ२ वाढले की अंतःस्तराच्या पेशी सूक्ष्म पिशव्यांतून १४३ आणि १४५ हे माइक्रोआरएनए खालच्या स्नायूपेशींकडे धाडतात. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने नेमकी उलटी दिशा दाखवली: स्नायूपेशींकडून अंतःस्तराकडे. दोन्ही घडत असेल. परिस्थितीनुसार दिशा बदलत असेल. पण प्रत्येक पिशवीत प्रत्यक्षात किती प्रती असतात आणि तेवढ्या प्रतींनी समोरच्या पेशीत काही फरक पडू शकतो का, हे मोजणाऱ्या कामाला दोन्ही मूळ निबंधांच्या वाट्याला आली त्याच्या शतांश जागाही मिळालेली नाही.

प्रतींची ही मोजणी लांब आणि वर्तुळाकार आरएनएंच्या बाबतीत तर अत्यावश्यक आहे. दर आठवड्याला एखादा निबंध येतो की अमुक आरएनए तमुक माइक्रोआरएनएला शोषून घेतो आणि म्हणून धमनीकाठिण्य वाढते. पेशीत त्या माइक्रोआरएनएच्या हजारो प्रती आणि त्याला बांधणाऱ्या जागा त्याहून कितीतरी जास्त असताना, मोजक्या प्रती असलेला आरएनए हा तोल सहसा बदलू शकत नाही. त्याची पातळी कृत्रिमरीत्या प्रचंड वाढवून काढलेला निष्कर्ष पेशीतल्या वास्तवाला लागू होत नाही. समीक्षकांनी प्रतींची संख्या मागावी. ती नसेल तर शोषण्याचा दावा निबंधातून काढायला लावावा. तसेच लांब आरएनएचे जनुक कापून मिळालेला परिणाम आरएनएचा की कापलेल्या डीएनएतल्या कळीचा, हे वेगळे करण्यासाठी किमान दोन निरनिराळ्या पद्धतींचा आग्रह धरावा.

निराश होण्यासारखे काही नाही, हे आवर्जून सांगते. लहान आरएनएचे औषध धमनीरोगात चालते, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. इन्क्लिसिरान हा कृत्रिम लहान आरएनए यकृतातला पीसीएसके९ चा, म्हणजे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) रक्तातून काढण्यात अडथळा आणणाऱ्या प्रथिनाचा, संदेश नष्ट करतो. सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोन इंजेक्शनांत एलडीएल साधारण निम्म्यावर येते. त्याला युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. लायपोप्रोटीन-ए हा आनुवंशिक धोका, ज्यावर आहार-व्यायामाचा फारसा परिणाम होत नाही, तोही अशाच औषधांनी खूप खाली आणता येतो, असे चाचण्यांत दिसले. हे यश कुठून आले ते पाहा. लक्ष्य माणसांच्या जनुकीय पुराव्यावरून निवडलेले होते. औषधाला जोडलेली शर्करा त्याला यकृताच्या पेशींपर्यंत नेते. आणि मोजायचे काय, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

धमनीच्या भिंतीसाठी आपल्याकडे अजून तसा पत्ता नाही. इंजेक्शनातून दिलेला आरएनए मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडाकडे जातो. म्हणून एखाद्या माइक्रोआरएनएला संपूर्ण शरीरात अडवण्याचे प्रयोग धमनीऐवजी यकृताची कहाणी सांगत बसतात, माइक्रोआरएनए-३३ च्या बाबतीत झाले तसे. २०१६ मध्ये कर्करोगासाठीच्या माइक्रोआरएनए-३४ए च्या औषधाची चाचणी गंभीर रोगप्रतिकारक प्रतिक्रियांमुळे थांबवावी लागली, हेही विसरून चालणार नाही. मेदाच्या थरातल्या मॅक्रोफेजपर्यंत किंवा अडखळत्या प्रवाहाच्या जागच्या अंतःस्तरापर्यंत नेमके पोहोचवणारे वाहन, हा या क्षेत्रातला खरा अडसर आहे. रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंते यांना या कामाकडे ओढायचे असेल तर त्यांच्यासाठी वेगळा निधी राखून ठेवा. जीवशास्त्राच्या अर्जात शेवटच्या परिच्छेदात ‘पुढे योग्य वाहनाचा विचार करू’ असे लिहून हे होणार नाही.

आणखी एक उणीव. ९पी२१ चा धोका युरोपीय, दक्षिण आशियाई आणि पूर्व आशियाई लोकांत दिसतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो तसा सातत्याने दिसलेला नाही. त्यांच्यात त्या पट्ट्याची रचनाच वेगळी आहे, आणि नेमका कोणता बदल दोषी आहे हे ओळखायला तोच फरक सर्वांत उपयोगी पडू शकतो. तरीही आरएनएच्या अभ्यासांतले बहुतेक नमुने एकाच वंशगटाचे आणि जास्त करून पुरुषांचे. स्त्रियांत थर फुटण्याऐवजी त्याचा पृष्ठभाग झिजून गुठळी होण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते. पुरुषांच्या ऊतीत सापडलेला रेणू त्यांच्यात तीच भूमिका बजावेल, असे गृहीत धरायला आधार नाही.

समितीच्या सदस्यांना माझी नेमकी विनंती अशी. या विषयाच्या निधीतला ठरावीक भाग दरवर्षी फक्त स्वतंत्र पडताळणीसाठी बाजूला काढा, आणि पडताळणी करणारा गट मूळ शोध लावणाऱ्या गटाशी संबंधित नसावा अशी अट घाला. कोणते रेणू तपासायचे ते खुल्या यादीतून ठरवा. माइक्रोआरएनए-९२ए, -३३, -१२६, -१४३/१४५ आणि अ‍ॅनरिलची निरनिराळी रूपे या यादीत पहिली असावीत. संपादकांनी अशा कामाचा आराखडा निकाल येण्याआधीच स्वीकारावा आणि निकाल होकारार्थी असो वा नकारार्थी, छापावा. एखादा रेणू यादीतून बाद झाला तर ते कळायला पाच प्रयोगशाळांची पाच-पाच वर्षे जाऊ नयेत.

या यादीसाठी आणि नमुने गोळा करण्याच्या समान पद्धतीसाठी लागणारे काम करायला माझ्यासारखे अनेक जण तयार आहेत. आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे न छापलेले नकारार्थी निकाल वह्यांत पडून आहेत. ते कुठे द्यायचे तेवढे सांगा. पुढच्या निधिफेरीची घोषणा होईल तेव्हा त्यात पडताळणीसाठीचा हा वेगळा भाग असेल का, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही अपेक्षा.

आपली,
धमनीच्या भिंतीतील आरएनएवर काम करणारी एक संशोधक